नाक्यावर उभं राहून काय होतं? हेब्रॉनमधले तीन महिने

पॅलेस्टाईनबद्दल काहीही लिहिलं की मला इनबॉक्समध्ये दोन प्रकारचे मेसेज येतात. पहिला : "मॅडम, तुम्हाला आपल्या देशातले प्रश्न दिसत नाहीत का?" दुसरा : "तुम्ही तिथे राहून आलात ना, मग एकदा सविस्तर लिहा की." पहिल्याला मी उत्तर देत नाही. ३३ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंय, आपल्या देशातले प्रश्न रोज समोर बसलेले बघितलेत. दुसऱ्यांसाठी ही पोस्ट. लांब झालीय. चहा घेऊन बसा.

२०१८ साली मी निवृत्त झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबर ते नोव्हेंबर हेब्रॉनला एका आंतरराष्ट्रीय शांतीगटाची स्वयंसेवक म्हणून राहिले. गटाचं नाव लिहीत नाही, कारण अशा कामासाठी जाणाऱ्यांना विमानतळावरूनच परत पाठवल्याचे प्रकार घडलेत. भेटलेल्या माणसांची नावं तर अजिबातच नाही. ती माणसं तिथेच राहतात. मी तासगावात पंख्याखाली बसून लिहितेय.

"शांती स्वयंसेवक म्हणजे काय हो?" हे घरातल्यांनीही विचारलं होतं. ही कल्पना आपल्याला परकी नाही. विनोबांनी १९५७ साली शांतिसेना उभी केली. दंगलीच्या जागी निःशस्त्र जाऊन उभं राहायचं, हे तिचं काम. पुढे १९८१ साली 'पीस ब्रिगेड्स इंटरनॅशनल' ही संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत आपले नारायणभाई देसाई होते. म्हणजे जगभर आज जे निःशस्त्र सोबत करण्याचं काम चालतं, त्याचं एक मूळ आपल्याकडे आहे.

आधी गाव समजून घ्या, मग माणसं.

हेब्रॉन जेरुसलेमच्या दक्षिणेला ३० किलोमीटरवर, डोंगरावर वसलेलं आहे. अरबीत त्याचं नाव अल-खलील, म्हणजे मित्र. देवाचा मित्र इब्राहिम याच्यावरून. हिब्रूत हेव्रोन, आणि तो शब्दही मित्र या अर्थाच्या धातूवरूनच आल्याचं सांगतात. इब्राहिमची, म्हणजे अब्राहमची कबर इथे आहे अशी यहुदी, मुस्लिम आणि ख्रिस्ती तिघांचीही श्रद्धा. मित्राच्या नावाचं गाव, आणि त्याच मित्राच्या कबरीवरून इतकं रक्त.

१९२९ साली इथल्या दंगलीत ६७ यहुदी मारले गेले. पिढ्यान् पिढ्या शेजारी राहिलेली माणसं होती ती. त्याच दंगलीत काही अरब कुटुंबांनी यहुदी शेजाऱ्यांना घरात लपवून वाचवलं, हेही खरं. १९६७ च्या युद्धात इस्राएलनं हे शहर ताब्यात घेतलं. मग शहराला लागून किर्यात अरबा ही वसाहत झाली आणि १९७९ पासून अगदी शहराच्या पोटातही वसाहतकरी राहायला आले. २५ फेब्रुवारी १९९४ ला, रमजान चालू असताना, बारूक गोल्डस्टाइन नावाच्या वसाहतकऱ्यानं मशिदीत नमाज पढणाऱ्यांवर गोळीबार केला. २९ माणसं मेली. त्यानंतर निर्बंध आले ते मुख्यतः पॅलेस्टिनींवरच. बाजाराचा मुख्य रस्ता, शुहदा रस्ता, टप्प्याटप्प्यानं त्यांना बंद होत गेला.

१९९७ च्या करारानं शहराचे दोन भाग झाले. एच-१ हा साधारण ८० टक्के भाग पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे. एच-२ हा २० टक्के भाग इस्राएली लष्कराकडे, त्यातच जुना बाजार आणि ती मशीद. एच-२ मध्ये ३० हजारांहून जास्त पॅलेस्टिनी आणि सातशे-आठशे वसाहतकरी. एकाच गल्लीत राहणाऱ्या दोन माणसांना दोन कायदे : वसाहतकऱ्याला इस्राएलचा नागरी कायदा, पॅलेस्टिनीला लष्करी कायदा. दगड दोघांच्या पोरांनी मारला तरी एकाचं पोर लष्करी कोर्टात जाणार, दुसऱ्याचं नाही. हे एवढं वाक्य लक्षात ठेवा, बाकी सगळं त्यातून निघतं.

आता आमचं काम.

सकाळी साडेसहाला आम्ही दोघी-तिघी एका तपासणी नाक्याशी जाऊन उभ्या राहायचो. नाका म्हणजे डोळ्यांसमोर आपला टोलनाका आणू नका. पत्र्याची बंद खोली, आत मेटल डिटेक्टर, दोन्हीकडे गोल फिरणारं लोखंडी गेट. एका वेळी एकच माणूस आत. हिरवा दिवा लागला की ढकलायचं, नाही लागला की उभं राहायचं. दिवा का लागत नाही हे विचारायचं नाही.

आमच्या हातात कंडक्टर असतं तसं टिकटिक करणारं मोजणीयंत्र आणि एक वही. किती मुलं गेली, किती शिक्षक, किती दप्तरं उघडायला लावली, कुणाला किती मिनिटं थांबवलं. ही आकडेवारी मानवी हक्क संस्थांकडे जाते. सैनिकांशी नम्रपणे बोलायचं, हुज्जत घालायची नाही, कुणाला पकडलं तर वेळ आणि जागा लिहायची आणि ठरलेल्या नंबरवर फोन करायचा. बस. मी ३३ वर्षं हजेरी घेतली, तिथेही हजेरीच घेत होते. फरक इतकाच, की माझ्या शाळेत पोरगं उशिरा आलं तर मी त्याला विचारायची, "का रे उशीर?" इथे ते विचारायची गरजच नव्हती.

पहिल्या आठवड्यात पोरं लांबून जायची. दुसऱ्या आठवड्यात एक सहा-सात वर्षांची मुलगी माझ्यासमोर थांबली, माझ्या कपाळावरच्या टिकलीवर बोट ठेवलं आणि काहीतरी विचारून पळाली. सोबतच्या मैत्रिणीनं सांगितलं, "ती विचारतेय, दुखतं का?" दुसऱ्या दिवशी मी तिला टिकल्यांचं पाकीट दाखवलं, काढून लावून दाखवलं. मग काय, आठवडाभर नाक्यावर निम्म्या मुली टिकली लावून! एका मुलीच्या टिकलीकडे बघून आतला सैनिकही हसला. मेटल डिटेक्टर मात्र सगळ्यांसाठी वाजायचा तसाच वाजत होता.

त्या शाळेतल्या एक शिक्षिका रोज माझ्यासमोरून जायच्या. शिक्षक-शिक्षकांचं लगेच जमतं. एकदा मी विचारलं, पोरं उशिरा येतात तर पहिल्या तासाचं काय करता? त्या म्हणाल्या, "पहिल्या तासाला गणित ठेवत नाही. चित्रकला ठेवतो. कधीही येऊन बसलं तरी चालतं." अगदी सहज म्हणाल्या. मी मात्र रात्रभर त्याच वाक्यावर अडकले होते. शाळेचं वेळापत्रक मीही वर्षानुवर्षं केलंय. अवघड विषय सकाळी, डोकं ताजं असताना, हे आम्ही डी.एड.ला शिकलो. आणि इथे एका पत्र्याच्या खोलीतला दिवा ठरवतो की गणित कितव्या तासाला.

दगड पडत नव्हते असं नाही. काही दिवस शाळा सुटताना मोठी पोरं नाक्याच्या दिशेनं दगड मारायची, मग अश्रुधूर. तो धूर पोरं निवडत नाही. पहिलीच्या वर्गातही जातो. डोळे अगदी मिरचीची फोडणी करपल्यासारखे जळतात, फक्त दहापट. शिक्षिका खिडक्या लावून घ्यायच्या आणि वर्गाला मोठ्यानं गाणं म्हणायला लावायच्या.

दुपारी नाका नसला की आम्ही जुन्या बाजारात फिरायचो. दगडी कमानींचा बाजार, आपल्या एखाद्या जुन्या पेठेसारखा, पण निम्मी दुकानं बंद. एच-२ मध्ये लष्करी हुकमानं बंद झालेली दुकानं पाचशेहून जास्त आहेत. गिऱ्हाईक नाही म्हणून बंद पडली ती वेगळीच. बाजाराच्या काही भागात डोक्यावर लोखंडी जाळी ठोकलेली आहे. वरच्या मजल्यांवर वसाहतकरी राहतात, तिथून खाली कचरा टाकतात, तो जाळीत अडकतो. बाटल्या, विटा, डायपर सगळं मी वर लटकलेलं बघितलंय. पाणी टाकलं तर जाळीचा उपयोग नाही, हे सांगायला नको.

त्या जाळीखाली एका आजोबांचं मातीच्या भांड्यांचं आणि रंगीत काचेच्या वस्तूंचं दुकान. हेब्रॉनची फुंकून केलेली काच जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. दुकानासमोरून जायचं तर चहा घेतल्याशिवाय सोडत नसत. "तफद्दली!" म्हणजे या, बसा. त्या शब्दाला आपल्या 'या, बसा, चहा टाकतो'चाच सूर आहे. चहात सेजची पानं आणि साखर इतकी की आपला अमृततुल्यवाला लाजेल. पहिल्यांदा मी पैसे काढले तर आजोबा खरोखर रागावले. म्हणाले, "मुली, या गावात दुकान उघडायला परवानगी, गाडी आणायला परवानगी, छप्पर दुरुस्त करायला परवानगी. पाहुण्याला चहा द्यायला अजून कुणाची परवानगी लागत नाही. ते तरी करू दे."

मी तिथे कुणालाही माझ्या नावानं माहीत नव्हते. तिकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावानं ओळखतात, 'अमक्याची आई'. आपल्या गल्लीत 'बंड्याची आई' म्हणतात तसंच. माझ्या मुलाचं नाव त्यांच्या तोंडात नीट बसेना, तरी तीन महिन्यांत अख्ख्या बाजारात मी त्याची आई झाले. देश सांगितला की पुढचा शब्द ठरलेला : "हिंद? अमिताभ!" बायका त्याच्याही पुढे. अरबी भाषेत डब केलेल्या हिंदी मालिका घरोघरी बघतात. माझ्या शेजारणीला कुठल्या मालिकेत कुणाची सासू कशी आहे हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मी मालिका बघत नाही म्हटल्यावर तिनं माझ्याकडे अशी बघितलं, की ही खरंच हिंदची आहे ना?

या शेजारणीबद्दल सांगायलाच हवं. तिच्या घराचं पुढचं दार शुहदा रस्त्यावर उघडायचं. ते दार लष्करानं वेल्डिंग करून बंद केलंय. आता घरात जायचं तर मागच्या घराच्या गच्चीवर चढायचं, तिथून लोखंडी शिडीनं यांच्या गच्चीवर, मग खाली. सत्तरीतली सासू, गुडघे गेलेले, दवाखान्यात न्यायचं तर दोन पोरं खुर्चीत बसवून शिडीवरून उतरवायची. गॅसची टाकी खांद्यावर. पॅलेस्टिनींच्या गाड्यांना त्या भागात बंदीच, त्यामुळे पिठाचं पोतं, फ्रीज, पेशंट सगळं माणसांच्या पाठीवर किंवा हातगाडीवर. खिडक्यांना जाळ्या, दगडांपासून वाचायला. ती हसून म्हणायची, "बघ, पिंजऱ्यात आम्ही आहोत, पण बघायला लोक तुमच्याकडून येतात." हे ती टोमणा म्हणून बोलली की गंमत म्हणून, मला आजही नक्की सांगता येणार नाही. तिला दोन्ही येत होतं.

तिची आणि माझी खरी मैत्री झाली ती द्राक्षांवरून.

हेब्रॉन द्राक्षांचं गाव आहे, हे कळल्यावर मला घरी आल्यासारखंच वाटलं. मी तासगावची. वडिलांची बाग होती, लहानपण बेदाण्याच्या शेडवर गेलं. तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षांचा हंगाम जोरात. आपल्याकडे त्याच वेळी फळछाटणी. शेजारणीच्या भावाची बाग किर्यात अरबाच्या कुंपणाजवळ. मी सांगितलं की आम्ही वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. त्याला पटेचना. "दोनदा? वेल मरत नाही?" मी म्हटलं, आमच्याकडे थंडी एवढी पडत नाही की वेल झोपेल, म्हणून आम्हीच त्याला उठवतो-झोपवतो. त्यानं बागेतल्या सगळ्यांना बोलावून हे पुन्हा सांगायला लावलं.

मग शेजारणीनं कोवळी पानं खुडायला घेतली, भात भरून गुंडाळ्या करायला. मी सहज म्हणाले, आमच्याकडे पानं शेळ्यांना घालतात. तिचा हात थांबला. "पानं? शेळ्यांना?" माझ्या सगळ्या तालुक्याचा उद्धार झाला त्या दिवशी. द्राक्षाचा रस आटवून ते 'दिब्स' करतात, आपल्या काकवीसारखं. आणि 'मलबन' म्हणजे द्राक्षाच्या रसाची पोळी, थेट आंबापोळीची बहीण. मी ती खाल्ली आणि माझी आजी आठवली, एवढंच सांगते.

पण त्या बागेत जायला त्या भावाला रोज जाता येत नव्हतं. कुंपणाजवळची जमीन, म्हणून लष्कराशी 'समन्वय' करायचा, ते देतील त्या दिवशी जायचं. द्राक्ष काही समन्वय बघून पिकत नाही. तासगावकरांना सांगायला नको : माल तयार झाला आणि चार दिवस बागेत जाता आलं नाही तर काय होतं. "या वर्षी किती वाया गेलं?" असं मी विचारलं, तर त्यानं आकडा सांगितला नाही. एक घड तोडून हातात दिला, "खा" म्हणाला.

आता नाक्यावरच्या त्या मुलाबद्दल. हे लिहावं की नाही असा विचार बरेच दिवस चालला होता.

ऑक्टोबरमधली सकाळ. नवीन सैनिक, एकोणीस-वीस वर्षांचा, आपल्याकडच्या रंगाचा. माझा पासपोर्ट बघितला, थोडा थांबला आणि मोडक्या मराठीत म्हणाला, "आजी, कशी आहे?" मला वाटलं कानाला भास झाला. तर तो बेने इस्राएलचा. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, ज्यांना गावात शनवार तेली म्हणायचे, गावावरून 'कर' आडनावं. त्यांतले बहुतेक इस्राएलला गेले. तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही निघत आलंय. त्याची आजी रायगडातली. घरी अजून सणाला मलिदा करतात म्हणाला. मराठी तेवढंच येत होतं त्याला : कशी आहे, बस, जेवलीस का. बाकी इंग्रजीत. आजी आजारी आहे, मराठी गाणी लावली की शांत होते, असंही सांगितलं. आम्ही दोन मिनिटं बोललो असू. मी त्याला म्हटलं, आजीला तासगावहून नमस्कार सांग.

एवढ्यात रांगेतला पुढचा मुलगा आत आला. दहा-अकरा वर्षांचा, मी रोज बघायची तो. त्याच हिरव्या दिव्यातून, त्याच सैनिकासमोर. "दप्तर उघड." पुस्तकं बाहेर, डबा बाहेर, कंपासपेटी उघडून बाहेर. सगळं पत्र्याच्या टेबलावर. मुलानं एकही शब्द न बोलता परत भरलं. त्याच्या हाताला सवय होती. मी वहीत लिहिलं : ७.२२, मुलगा, दप्तर, ६ मिनिटं.

तो सैनिक वाईट होता का? मला तसं वाटलं नाही. आजीवर जीव असलेला पोरगा. अठराव्या वर्षी त्यांच्याकडे लष्करात जावंच लागतं. हेब्रॉनमध्येच नोकरी केलेल्या काही सैनिकांनी २००४ साली 'ब्रेकिंग द सायलेन्स' ही संघटना काढली आणि आपण तिथे काय करत होतो हे आपल्याच देशाला सांगायला लागले. तो पुढे त्यांच्यात गेला असेल किंवा नसेल. पण मला त्या दिवशी एक गोष्ट कळली. ताबा चालवायला राक्षस लागत नाहीत. सभ्य पोरं पुरतात. एकाच्या हातात बटण आणि दुसऱ्याच्या हातात दप्तर दिलं, की दोघं कितीही चांगल्या घरचे असले तरी सकाळी सात बावीसला तेच घडतं.

वसाहतकऱ्यांशीही बोलणं झालं. काही जण आमच्यावर थुंकले, शिव्या दिल्या, 'नाझी' म्हणाले. पण एक वयस्कर बाई एकदा बाकावर शेजारी येऊन बसल्या आणि शांतपणे १९२९ बद्दल बोलल्या. त्यांच्या नात्यातले लोक त्यात गेले होते. "आम्ही परत आलो, एवढंच," म्हणाल्या. मी ऐकून घेतलं. ते दुःख खोटं नव्हतं. मग मी विचारलं, समोरच्या घराचं दार वेल्ड केलंय, तिथे कोण राहतं माहीत आहे का? त्या म्हणाल्या, "नाही. तिथे कोणी राहत असेल असं वाटत नाही." त्या घरात मी आदल्या दिवशी जेवले होते. दोघींमध्ये अंतर पंचवीस पावलांचं.

दर शनिवारी वसाहतकऱ्यांची फेरी सैनिकांच्या बंदोबस्तात जुन्या बाजारातून जायची. पुढे गाईड इतिहास सांगतोय, बाजूला बंदुका, आणि आजोबा भांडी आत घेऊन शटर अर्धं ओढून उभे. फेरी गेली की भांडी परत बाहेर. एकदा मी मदत केली तर म्हणाले, "क्रम चुकवू नको. मोठी मागे, छोटी पुढे." भांडी परत लावण्यालाही त्यांचा एक नेम होता. अरबीत एक शब्द आहे, 'सुमूद'. टिकून राहणं, जागा न सोडणं. भाषणात तो फार मोठा वाटतो. मला तो त्या भांड्यांच्या रांगेत दिसला.

शहरात विनोदही भरपूर. पॅलेस्टाईनभर खलीली माणसांच्या हट्टीपणावर विनोद करतात, आपल्याकडे पुणेकरांवर करतात तसे. आणि सगळ्यात जास्त ते स्वतः खलीलीच सांगतात. गावात 'तकिया' आहे, इब्राहिमच्या नावानं चालणारं अन्नछत्र, तिथे रोज मोफत जेवण. खलीलमध्ये कुणी उपाशी झोपत नाही, असं अभिमानानं सांगतात. आणि एच-१ मध्ये गेलात तर गजबजलेलं व्यापारी शहर : चपलांचे कारखाने, ट्रॅफिक जाम, मिठाईची दुकानं. दहा मिनिटांवर. म्हणून सांगते, ही माणसं चोवीस तास रडत बसलेली नाहीत. पोरांची लग्नं, परीक्षेचे निकाल, सुनेची भांडणं, सगळं आहे. फक्त त्या प्रत्येकात एक नाका आहे.

एक कॉलेजचा मुलगा मात्र आमच्यावर चिडून होता. आजोबांच्या दुकानात एकदा तोंडावरच म्हणाला, "तुम्ही येता, मोजता, फोटो काढता, तीन महिन्यांनी घरी जाता. इतकी वर्षं परदेशी लोक मोजतायत. एक तरी नाका हलला?"

मी म्हटलं, "नाही हलला."

"मग?"

मी काही बोलायच्या आत आजोबा म्हणाले, "ती उभी असली की माझ्या नातवाची वीस मिनिटं पाच होतात. रोज नाही. पण होतात." तो मुलगा म्हणाला, "आणि ती गेली की परत वीस." आजोबांनी मान हलवली. "हो. परत वीस."

दोघंही खरं बोलत होते. मी माझ्या वह्या तपासून बघितल्या. जिथे आम्ही दिसत होतो तिथे थांबवणं कमी, हे आकड्यांत दिसत होतं. आणि तीन महिन्यांत तो दिवा, ते गेट, ती पत्र्याची खोली जशीच्या तशी होती, हेही दिसत होतं. निःशस्त्र माणसाची ताकद तेवढीच असते : कुणीतरी बघतंय, एवढं लक्षात आणून देणं. ती थोडी आहे, शून्य नाही. जे आत राहतात त्यांना या दोहोंतला फरक कळतो, कारण ती पंधरा मिनिटं त्यांची असतात.

मी परतले आणि दोन महिन्यांत, जानेवारी २०१९ मध्ये, तिथल्या अधिकृत आंतरराष्ट्रीय निरीक्षक पथकाची मुदत इस्राएलनं वाढवली नाही. १९९७ च्या करारापासून नॉर्वे, इटली, तुर्कस्तान अशा देशांचे निरीक्षक तिथे सतत होते. त्यांची गस्त सकाळी शाळेच्या वाटेवर असायची. ती गेली. बघणारे डोळे आणखी कमी झाले.

मग ७ ऑक्टोबर २०२३. हमासनं इस्राएलमध्ये सुमारे १२०० माणसं मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. त्यानंतर गाझात मेलेल्यांची संख्या हजारोंत, मग लाखाच्या दिशेनं चालत राहिली. हेब्रॉन गाझापासून लांब आहे, तिथे हमासचं राज्य नाही. तरी एच-२ मधल्या वस्त्यांवर संचारबंदी लागली, आठवडेच्या आठवडे. ठरलेल्या दिवशी ठरलेले तासच बाहेर पडता येत होतं. शेजारणीचा व्हॉइस मेसेज आला होता. पीठ आहे, गॅस संपलाय, सासू गेली. आजारानं गेली, पण न्यायला उशीर झाला. शेवटी ती म्हणाली, "तू द्राक्षाची पानं शिजवतेस का आता?" मी शिजवते. तासगावातलं पहिलं घर असेल आमचं.

आजही लोक मला विचारतात, तुम्ही कुणाच्या बाजूच्या? मी शिक्षिका आहे, मला बाजू विचारली की वर्ग आठवतो. ज्या मुलाला गणित पहिल्या तासाला शिकता येत नाही, त्याच्या बाजूची. १९२९ ला ज्या यहुदी मुलाला शेजाऱ्यानं लपवलं, त्या मुलाच्या आणि त्या शेजाऱ्याच्याही बाजूची. आणि मोबाईलवर नकाशा न बघता 'यांना असंच पाहिजे' म्हणणाऱ्यांच्या बाजूची नक्कीच नाही, मग ते 'यांना' कुणीही असोत.

तुम्ही तिथे जाऊन उभे राहा असं मी म्हणणार नाही. एवढं करता येईल : त्या भागाचा एखादा व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी तो कुठला, कधीचा, एवढं शोधा. हेब्रॉनचा नकाशा उघडून एच-१, एच-२ एकदा बघा. आणि ज्यांच्या पोरांना शाळेला जायला सकाळी नाका ओलांडावा लागत नाही, त्यांनी उद्या पोरगं दप्तर घेऊन निघालं की घड्याळ बघा. किती मिनिटांत पोचलं ते.

कॉमेंटमध्ये शिवीगाळ दिसली तर उडवीन, आधीच सांगते. प्रश्न विचारा, मतभेद मांडा, मला माहीत असेल ते सांगेन. कोकणातल्या बेने इस्राएल घरांबद्दल कुणाकडे आठवणी असतील तर त्याही लिहा, मला हव्या आहेत. आणि द्राक्षाच्या पानांची कृती हवी असेल तर वेगळी पोस्ट टाकते. तासगाव-कवठेमहांकाळकरांनी तरी ती वाचावीच. शेळ्यांचं बघू काहीतरी.